एकविसावी गाठ

आज कोपऱ्यावर हुरडा दिसला. ज्वारीच्या हिरव्या कणसांच्या पेंढ्या गोणपाटावर मांडून एक बाई बसली होती आणि येणारा-जाणारा एखादा दाणा नखाने दाबून दूध निघते का ते पाहत होता. मी थांबलो नाही. शाळेची घंटा व्हायची वेळ झाली होती. पण दिवसभर फळ्यासमोर उभा असताना तो ओल्या ताटांचा वास नाकातून गेला नाही.

खरे म्हणजे हुरड्याची बातमी मला पेंढ्या यायच्या आधीच लागते. ती माझी कातडी देते. सोलापूरची थंडी कोरडी. पहाटे गिरणीचा भोंगा होतो तेव्हा वाटीतले खोबरेल पांढरे गोठलेले असते, आणि माझ्या पोटावरून, दंडांवरून लोंबणारी कातडी जुन्या वहीच्या पानासारखी चरचरते. उन्हाळ्यात तीच कातडी घड्याघड्यांत घामाने चिघळते; मग तुरटीचे पाणी, कोरडे फडके, मुलतानी मातीची पूड. दोन्ही ऋतूंत तिची बडदास्त ठेवावी लागते. पन्नाशीच्या माणसाने सकाळी उठून स्वतःच्याच अंगाच्या घड्या उचलून पुसायच्या, ही गोष्ट सांगायला सोपी नाही. मी ती बरीच वर्षे कोणाला सांगितली नाही.

एके काळी मी फार जाड होतो. जाड म्हणजे टांगेवाला मला मधोमध बसवून मग दुसरे गिऱ्हाईक घेई, इतका. वर्गातली खुर्ची माझ्यासाठी हात नसलेली आणली होती. मुले मागून काय म्हणत ते मला ठाऊक होते, आणि त्याचे मला फारसे वाईटही वाटत नसे. पुस्तक पोटावर टेकवून वाचता येई. दुसरे मेज लागत नसे. खाणे आणि वाचणे ही माझी दोन सुखे. मूलबाळ नव्हते. गोदावरी, म्हणजे माझी बायको, दोन्ही सुखांना पुरवठा करी. खाण्याला हाताने, आणि वाचण्याला घरात शांतता ठेवून.

मग एका मार्गशीर्षात डॉक्टरांनी लघवी तपासली आणि साखर निघाली. पायाची जखम महिना झाला तरी भरत नव्हती. डॉक्टर मला काही बोलले नाहीत, माझ्याकडे बघून त्यांना आशा वाटली नसावी. ते गोदाकडे वळून म्हणाले, "बाई, ह्यांना निम्मं करून आणा. नाहीतर पाय जाईल, मग माणूस."

गोदा घरी आली, पदर खोचला आणि तांदळाचा डबा शेजारी देऊन टाकला.

तिला वजनाचा काटा ठाऊक नव्हता. तिने आपल्या रीतीने माप काढले. आमच्याकडे पुरुषाच्या कमरेला काळा करदोडा असतो. लहानपणी बांधतात, जुना झाला की नवा बांधल्याशिवाय काढत नाहीत. माझा करदोडा मांसात रुतून कधीच दिसेनासा झाला होता. तिने बाजारातून लांब नवा आणला. एका टोकाला फासा केला, दुसरे टोक कमरेभोवती फिरवून जिथे फाशाला भिडले तिथे गाठ मारली, आणि गाठ फाशात अडकवली. पहिल्या वेळी दोराच जेमतेम पुरला.

"आता दर अवसेला बघणार," ती म्हणाली. "पुढची गाठ हिच्या आत पडली पायजे. न्हाय पडली, तर तुमच्या ताटातली अर्धी भाकरी गेली."

"आणि मागच्या गाठी?"

"त्या ऱ्हाऊ द्या की लोंबत. करदोडा कापत न्हाईत."

अशी ती अवस धरून गाठ मारू लागली. पहाटे मला उठवून तळ्याकाठी चालायला नेई. ती पुढे, मी मागे. मी थांबलो की ती थांबत नसे. नुसती चाल मंद करी. ज्वारीची एक भाकरी, पालेभाजी, ताक. गूळ कुठे ठेवला होता ते मला तिने अखेरपर्यंत कळू दिले नाही. मी चिडे, रुसे, एकदा तर चोरून शाळेतल्या शिपायाकडून पेढे मागवले. त्या अवसेला करदोडा गुंडाळला, गाठ जुन्याच जागी आली, आणि तिने ताटातली भाकरी माझ्यादेखत मोडून निम्मी गाईला घातली.

मी म्हटले, "तुझ्या माहेरी सांगू का, मुलगी नवऱ्याला उपाशी ठेवते म्हणून?"

ती घाबरली. खरोखरच. "तेवडं नका करू. आयला काय वाटंल? लेकीनं जावयाला भाकरी मोजून घातली? तितं ह्यातलं काय बी बोलायचं न्हाय."

म्हणून माढ्याकडल्या तिच्या गावी कोणाला काहीच ठाऊक नव्हते. ती सणाला एकटी जाऊन येई. शाळेचे निमित्त सांगून मी घरीच राही. गाडीवाटेचे हिसके मला आधीपासूनच सोसत नसत.

मांस उतरले, पण कातडी मागे राहिली. हे होईल असे ना डॉक्टरांनी सांगितले होते, ना कुठल्या पुस्तकात मी वाचले होते. माझी समजूत अशी, की माणूस बारीक होतो म्हणजे सगळाच होतो. तसे होत नाही. पोटावरून एक पदर खाली आला आणि धोतराच्या निऱ्यांवर टेकला. हनुवटीखाली पिशवी झाली. फळ्यावर लिहायला हात वर केला की दंडाखालची कातडी हले, आणि मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसे. जाडीला हसत तेव्हा मी त्यांच्यात सामील होऊ शकत होतो. ह्या हसण्यात मला शिरता येईना. मी भर वैशाखात मनगटापर्यंत बटणे लावू लागलो.

कोट शिंप्याकडे नेला, तेव्हा त्याने तो माझ्या अंगावर चढवून मागून मूठभर कापड धरले आणि माझ्याभोवती एक फेरी मारली. "मास्तर, कोट तो कम कर देतूँ, पर इसके अंदर का आदमी किधर गया?"

मी हसलो. मनात म्हटले, आतल्या माणसाचेही जादा कापड कापून दे बाबा. पण त्या कापडाला शिवण नव्हती.

गोदाला मात्र ह्या कातडीचे काही वाटत नसे. ती संध्याकाळी कोमट तेल घेऊन बसे आणि घड्या चेपी. "पाणी ओतून झाल्यावर म्हशीवरची पखाल दिसती तसं झालंय," असे म्हणून स्वतःच हसे. मी हात काढून घेतला की म्हणे, "ऱ्हाऊ द्या. हे माझ्या हातचं काम हाय."

आता इथे मला सावकाश लिहिले पाहिजे.

माझ्या ताटात जेवढे पडे तेवढेच ती स्वतःच्या ताटात वाढून घेई. मी उपाशी आणि ती पोटभर, हे तिला बरे दिसत नसे. मी एक भाकरी खाई, तीही एकच. त्यामुळे ती बारीक होऊ लागली त्याचे मला नवल वाटले नाही. कधी पोटात दुखते म्हणे, कधी जेवण तसेच ठेवी. तिच्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकत, आणि तळ्याकाठी ती पुढे चालण्याऐवजी माझ्या बरोबरीने चालू लागली. मला वाटले, मी भरभर चालायला लागलो. मला त्याचा अभिमान वाटला. घरी येऊन मी करदोड्याचे शेपूट बोटांनी चाचपून गाठी मोजत असे.

एकविसावी गाठ तिने श्रावणी अवसेला मारली. तेव्हा ती अंथरुणावर बसून होती. मला तिच्यापुढे उभे राहून दोरा हातात द्यावा लागला. भाद्रपद संपायच्या आत ती गेली.

तेराव्याला तिची आई आली. गोदाचा भाऊ सिदराम तिला आधी गाडीने, मग आगगाडीने घेऊन आला. मी सासूबाईंना आत्या म्हणत असे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस आवाजावरून आणि हातावरून ओळखायच्या. उंबऱ्यात मी पुढे झालो, वाकलो, आणि त्यांनी आधारासाठी माझा दंड धरला. सदऱ्यावरूनच कातडी त्यांच्या मुठीत आली. त्यांनी ती दाबली, सोडली, पुन्हा धरली. त्यांच्या आठवणीतला दंड वेगळा होता.

"अगं माझे बाये," त्या ओरडल्या, "ह्यो जावय बगा माझा! लेकीच्या मागं कातडं तेवडं ऱ्हायलं ह्येच्या अंगावर!"

घरभर बायका रडू लागल्या. बारा-तेरा दिवसांत माणूस एवढा वाळत नाही, हे तिथल्या कोणाच्याही लक्षात येण्यासारखे होते. माझ्या तर होतेच. तोंड उघडून दोन वाक्ये बोलायची होती. मी बोललो नाही. खाली मान घातली, आणि ती मान सगळ्यांनी दुःख समजून घेतली.

दुःख होते. पण ते ह्या कातडीत नव्हते, आणि मी तिथे बोट दाखवू दिले.

पुढचे तीन-चार महिने मी ह्या खोट्या कीर्तीवर काढले. गल्लीतले लोक आदराने बोलू लागले. मुले हसेनाशी झाली. शेजारणी ताटे पाठवीत: "जरा अंगावर धरा मास्तर, अशानं कसं व्हायचं?" त्या ताटांत भात असे, शिरा असे, पुरणपोळी असे. रिकाम्या घरात मी ते जेवीत होतो. पुस्तक पुढे ठेवून, पूर्वीसारखा, शेवटच्या शितापर्यंत. कार्तिकात एके दिवशी अंघोळ करताना करदोडा काचला. मी गाठ फाशातून सोडवली आणि फासा एक गाठ मागे, विसावीवर अडकवला. विशेष काही झाले नाही असे स्वतःला सांगितले. पहाटेचे चालणेही तोवर सुटलेच होते.

पौषात सिदरामचे पत्र आले. कोणाकडून तरी लिहवून घेतलेले, तीन ओळींचे. हुरड्याला या. आईचे बरे नाही. तुमच्याशी बोलली तर बोलेल.

स्टेशनवर तो गाडी जुंपून आला होता. मी म्हटले, चालतो. तो बैलांच्या बाजूने माझ्याबरोबर चालू लागला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी माणसाच्या वर गेलेली, पानांवर दंव, पाखरे हाकायचा आवाज कुठूनतरी येत होता. बरेच चालल्यावर तो म्हणाला, "दाजी, तुमाला कसं सांगू? म्हातारी जेवत न्हाय. एक वक्ताला चतकूर खाती."

"कधीपासून?"

"सोलापुरास्नं आल्यापास्नं. म्हनती, जावय परक्याच्या पोटचा, त्यो माझ्या लेकीसाठी वाळून कोळ झाला. मी तर आई. मी कशी गिळू? लई समजावलं. आयकत न्हाय."

माझे पाय थांबले. सिदरामला वाटले मी दमलो. "बसा की गाडीत," तो म्हणाला.

शेतात आगटी पेटवली होती. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसे खुपसलेली, धूर सरळ वर जाणारा. सिदरामची बायको गरम कणीस तळहातांत चोळून दाणे मोकळे करी, फुंकर मारी, कोंडा उडे, आणि हिरवे दाणे ती एकेकाच्या हातावर ठेवी. लसणाची चटणी, गूळ, दह्याचे मडके. आत्या घोंगडीवर बसल्या होत्या. मी पाहिले तर त्यांच्या दंडांवरही आता माझ्यासारखीच कातडी लोंबत होती. त्यांच्या ओंजळीत हुरडा होता आणि तो गार होत होता.

"खा आत्या," मी म्हटले.

"तुमी खावा मास्तर. तुमाला गरज हाय."

मी कोटाची बटणे काढू लागलो. सासूसमोर जावयाने असे करायचे नसते; सिदरामची बायको उठून बांधाकडे निघून गेली. मी कोट काढला, सदरा वर केला, आणि निऱ्यांत खोचलेले करदोड्याचे हातभर शेपूट ओढून आत्यांच्या हातात दिले.

"हे काय?"

"गाठी आहेत. गोदानं मारलेल्या. एकवीस."

त्यांनी बोटे फिरवली. पहिल्या गाठीवर ती थांबली, उलटसुलट फिरली, मग दुसरीवर गेली. वासराच्या दाव्याला त्या घरात एक उलट्या वळशाची गाठ मारतात, ओढली की घट्ट होणारी. "माझीच गाठ हाय," त्या पुटपुटल्या. "मीच शिकवली हुती तिला. कशाच्या गाठी ह्या?"

मी सांगितले. डॉक्टर, साखर, भाकरी, अवस, तळ्याकाठचे चालणे. माहेरी सांगू नका म्हणून तिने केलेली विनवणीही सांगितली. "मी तिच्या दुःखानं वाळलो नाही, आत्या. ती जायच्या आधीच वाळलो होतो. तिनंच उतरवलं. तेराव्याला तुम्ही म्हणालात तेव्हा मी बोललो नाही. ते माझं चुकलं."

सिदराम आगटीकडे बघत होता. आत्यांची बोटे दोऱ्यावरून पुढे सरकत माझ्या कमरेशी, फाशाशी आली आणि थबकली.

"ईसच भरल्या."

त्यांनी दोरा पुन्हा चाचपला.

"तुमी एकवीस म्हनला. एकविसावी कुटं हाय?"

"आत आहे. अंगाशी."

"आत कशी?" त्यांनी क्षणभर विचार केला. दावी बांधण्यात जन्म गेलेली बाई, तिला वेळ लागला नाही. "म्हंजी माझी पोर गेली, आन तुमी वाडला."

"आई!" सिदराम म्हणाला.

"तू गप. त्यांस्नी बोलू दे."

"हो," मी म्हटले. "वाढलो."

मग त्या फार हळू म्हणाल्या, "पोरीनं तुमाला दर अवसेला मोजलं. तिला कोन मोजत हुतं?"

हा प्रश्न येऊ नये म्हणूनच मी इतके दिवस तोंड मिटून बसलो होतो, हे मला तेव्हा कळले.

"कोणी नाही," मी म्हटले. "मी माझ्याच गाठी मोजत होतो."

विस्तवात एक कणीस तडतडले. आत्यांनी दोरा सोडला नव्हता. त्यांचा दुसरा हात पुढे आला. पोटावरच्या पदराला तो नुसता लागला आणि मागे गेला.

"ह्ये कातडं दुःकाचं न्हाय, तर."

"नाही."

"तिच्या हातचं हाय."

"हो."

"मग कोटाखाली लपवून कशापायी फिरता? माझ्या पोरीची मेहनत हाय ती." आणि एकदम कडक आवाजात, जसे वासराला ओढून दाव्याला बांधावे तसे, "लावा ती गाठ. एकविसावी. हितं, माझ्यासमोर."

मी उभा राहिलो. श्वास आत ओढला. फासा विसावीवरून काढला, दोरा ओढला, आणि एकविसावी गाठ हाती लागेपर्यंत ओढत राहिलो. ती लागली. दोरा कातडीत काचला, डोळ्यांत पाणी आले. सदरा खाली करून बसलो तर आत्या ओंजळीतला गार हुरडा तोंडात टाकीत होत्या. रागाने चावत होत्या. माझ्याशी त्या दिवसभर बोलल्या नाहीत. पण पहिली ओंजळ संपल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली आणि दुसरी मागितली. माझ्यापुढची गुळाची वाटीही तिला उचलायला लावली.

निघताना त्यांनी मला दाव्याची ती गाठ शिकवली. तीनदा सुटली, चौथ्यांदा बसली.

ह्याला आता काही वर्षे झाली. आत्यांनी मला माफ केले की नाही, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. गेल्या हुरड्याला त्या गेल्या. त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत दोन वेळा जेवत होत्या असे सिदरामने कळवले. त्या पत्रात त्याने नेमके तेवढेच लिहवले होते.

मी पहाटे तळ्याकाठी चालतो. आता पुढे कोणी नसते, तेव्हा चाल मंद करायला कोणी नाही. थांबलो तर थांबलोच. म्हणून थांबत नाही. शेजारच्या ताटांना हात जोडतो. "अंगावर धरा," असे अजूनही कोणी म्हणते. ही मोकळी कातडी बघून लोकांना ती पुन्हा भरावीशी वाटते. मी त्यांना सांगतो, ही बायकोने रिकामी केलेली आहे. ऐकणारा गोंधळतो. मग मी सगळे सांगतो, साखरेपासून. शाळेत बाह्या कोपराच्या वर दुमडून फळ्यावर लिहितो. पहिले आठ दिवस मुले हसली. मी त्यांना हसू दिले आणि ओळ पुरी केली.

कणसाचा कोंडा एका फुंकरीने उडतो. ही कातडी तशी उडायची नाही. डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, आता हे असेच. असू दे. हिवाळ्यात तेल, उन्हाळ्यात तुरटी. तिचे काम आहे, जपले पाहिजे.

करदोडा झिजतो. दरवर्षी हुरडा आला की मी नवा आणतो. जुना अंगावर असतानाच नवा त्याच्याशेजारी ताणून धरतो आणि एकवीस गाठी एकेक करून जिथल्या तिथे मारतो, उलट्या वळशाच्या. नवा बांधून झाला की मगच जुना सोडतो. आज शाळेतून येताना तो घेऊन आलो. कोपऱ्यावरच्या बाईकडून एक पेंढीही घेतली. दिवेलागणीच्या आत गाठी मारून झाल्या. बाविसावी मी कधी मारली नाही. ती मारायचा हात गेला. फासा मात्र एकविसावीवरच बसला. दोन बोटे आत घालून पाहिली, काचत नाही.